‘मला काही जमत नाही’ म्हणणारी पहिलटकरीण: शहरातल्या गृहभेटीत काय करावं

प्रश्न: आम्ही पिंपरी-चिंचवडच्या एका भाड्याच्या खोल्यांच्या वस्तीत गृहभेटी करतो. बीड, लातूर, नांदेडकडून, काही बिहार-उत्तर प्रदेशातून नवऱ्याच्या कामामागे आलेल्या मुली आहेत. पहिलंच मूल. स्तनपान, लसीकरण, स्वच्छता सगळी माहिती देतो, पत्रकं देतो. पुढच्या भेटीत तेच ऐकू येतं, ‘मला काही जमत नाही, बाळ रडलं की हातपाय गळतात.’ तोवर कित्येकींकडे दुधाचा डबा आलेला असतो. आमचं कुठे चुकतंय?

उत्तर: माहिती चुकीची नसणार. माहिती दिली की धीर येतो हा समज चुकीचा आहे. ‘हे मला जमेल’ हा विश्वास माणसाला कुठून मिळतो, यावर अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये चार वाटा सांगितल्या होत्या. स्वतः करून पाहिलं आणि जमलं, ही पहिली आणि सगळ्यात भक्कम. आपल्यासारख्याच कुणाला करताना पाहिलं, ही दुसरी. विश्वासातल्या माणसाने ‘बरोबर करतेयस’ म्हटलं, ही तिसरी. आणि स्वतःच्या शरीर-मनाची अवस्था, म्हणजे झोप, थकवा, धडधड, ही चौथी. तुमची भेट फक्त तिसऱ्या वाटेवर आहे, आणि तिथेही तुम्ही अजून तिच्या विश्वासातल्या नाही. पहिल्या दोन वाटांवर काम केलंत तर तिसरी आपोआप उपयोगी पडू लागते.

गावाकडे या चारही गोष्टी मिळतात असं मानू नका. माहेरी बाळंतपण झालेल्या मुलीला सव्वा महिना कुणी बाळाला आंघोळ घालू देत नाही. मालीश आजी करते, शेक शेजारची मावशी देते, रात्री रडलं तर आई उठते. तिसऱ्या महिन्यात नवरा घ्यायला येतो आणि बाळाला एकटीने पाण्यात धरायची पहिली वेळ तिच्यावर दहा बाय दहाच्या खोलीत, नळाला पाणी असेल तेवढ्या वेळात येते. बाळ ठणठणीत असतं, फक्त तिच्या हाताला सवय नसते. जिचं बाळंतपण शहरात झालं तिची अडचण वेगळी: पहिले दहा दिवस दूध, टाके आणि झोप यांतच ती बुडालेली असते. या दोघींना एकच पत्रक वाचून दाखवण्यात अर्थ नाही. म्हणून पहिल्या भेटीत आधी विचारा, बाळंतपण कुठे झालं आणि आई किंवा सासू किती दिवस सोबत होती.

‘काही अडचण आहे का?’ असं विचारू नका, उत्तर ‘नाही’ असंच येतं. ‘काल रात्री बाळ किती वेळा उठलं? तेव्हा तुम्ही काय काय केलंत?’ असं विचारा. मग ती क्रमाने सांगते आणि अडतं कुठे ते तुम्हाला ऐकू येतं. आईचा आत्मविश्वास मोजण्यासाठी ऑस्ट्रेलियात तयार झालेली कॅरिटेन नावाची पंधरा प्रश्नांची मोजपट्टी आहे, वर्षाच्या आतल्या बाळाच्या पालकांसाठी. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण ४५. ३९ किंवा कमी आले तर लक्ष द्यावं असं मानतात. ती इथे परीक्षेसारखी भरून घेऊ नका. तिथला आकडा तिथल्या आयांवरून ठरलेला आहे. पण प्रश्नांचे विषय कामाचे आहेत: पाजणं, शांत करणं, झोपवणं, रडण्याचा अर्थ कळणं, सर्दी-तापात काय करावं हे माहीत असणं, नवरा पाठीशी असणं, गरज पडल्यास कुणीतरी येईल याची खात्री, ‘लोकांना मी बरी आई वाटते का’. स्थलांतरित घरात शेवटच्या तीन मुद्द्यांवर बोलणं अडखळतं, आणि पत्रकाने ते सुटत नाहीत.

आता दूध. तुमच्या वस्तीतलं निम्मं भय याच एका शंकेतून येतं, म्हणून इथे जास्त वेळ घालवा. शंका बहुधा अशी उगवते: संध्याकाळी बाळ तासातासाला छातीशी येतं, साधारण सहाव्या आठवड्यात छातीचा ताठरपणा जाऊन ती मऊ लागते, दाबून पाहिलं तर चमचाभरच दूध निघतं, आणि नेमका तेव्हाच फोन येतो, ‘दूध पुरत नसेल, वरचं दे.’ यातली एकही गोष्ट दूध कमी असल्याची खूण नाही. बाळ सलग छातीशी येतं ते पुढच्या दिवसांचा पुरवठा वाढवण्यासाठी. छाती मऊ होते कारण दूध आता मागणीप्रमाणे बनू लागलेलं असतं. आणि हात बाळाच्या तोंडाइतकं दूध कधीच काढू शकत नाही. पण डबा उघडला की एक पाजणं कमी होतं, तेवढं चोखणं कमी, तेवढं दूध कमी. आठ-दहा दिवसांत शंका खरी ठरते. हा फेरा तिला तोंडी सांगू नका. जमिनीवर खडूने गोल काढून दाखवा.

तिला स्वतः मोजता येतील अशा दोन खुणा द्या. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी, रंग फिकट. प्रत्येक ओल्या लंगोटाला एका वाटीत चवळीचा एक दाणा टाकायला सांगा, सकाळी दाणे मोजायचे. डायपर वापरत असतील तर ही मोजणी फसते, म्हणून दोन दिवस सुती लंगोट. बाळाला वरून पाणी देत असतील तर मोजणीला अर्थच उरत नाही. आणि सहा महिन्यांच्या आत पाणी लागत नाही, मे महिन्यातल्या पत्र्याच्या खोलीतसुद्धा. उकाड्यात टोपडं-दुपटं काढा, दोन वेळा जास्त पाजा, बस.

दुसरी खूण वजन. पहिल्या आठवड्यात जन्मवजनाच्या सात ते दहा टक्के घट होऊ शकते, दोन आठवड्यांपर्यंत ती भरून यायला हवी. त्यानंतर तिसऱ्या महिन्यापर्यंत दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम. इथे तुमच्याकडूनच एक घोळ होण्याची शक्यता आहे. लटकत्या ताणकाट्यावर १०० ग्रॅमच्या खुणा असतात. बाळ पाय झाडत असताना त्यावर आठवड्याचा फरक वाचणं म्हणजे अंदाजपंचे. असा काटा असेल तर पंधरा दिवसांनीच वजन घ्या, त्याच काट्यावर, कपडे काढून. वेगवेगळ्या दोन काट्यांनी ‘बाळ उतरलं’ म्हणून आईला रडवल्याचे प्रकार होतात. वजन खरंच वाढत नसेल तर धीर देत बसू नका, डॉक्टरांकडे पाठवा.

धरण्याची पद्धत शिकवताना एक नियम कडक पाळा: तुमचे हात बाळाला लावायचे नाहीत. गुंडाळलेल्या टॉवेलवर तुम्ही दाखवायचं, बाळावर तिने करायचं. तुम्ही पटकन बाळ लावून दिलंत तर त्या वेळी सुटतं खरं, पण ती शिकते एवढंच की ‘ताई असल्या की जमतं’. भिंतीला पाठ, मांडीवर घडी केलेली गोधडी, बाळाचं पोट आईच्या पोटाला, डोकं-पाठ एका रेषेत. बाळाचा वरचा ओठ बोंडीजवळ आणायचा, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं, मग बाळाला छातीकडे आणायचं; छाती बाळाकडे नाही. हनुवटी टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळा भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूला जास्त दिसतो. पहिल्या काही क्षणांनंतरही दुखत असेल तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवायचं आणि परत लावायचं. तीन वेळा चुकेल. चुकू द्या. चौथ्यांदा जमतं तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे पाहा, काही बोलू नका.

बोलायचंच तर नेमकं बोला. ‘छान करता’ हे वाक्य ती तुम्ही जिन्यातून उतरेपर्यंत विसरते. ‘त्याने मूठ तोंडात घातली आणि रडायच्या आत तुम्ही त्याला घेतलंत’ हे आठवडाभर लक्षात राहतं. मूठ चोखणं, मान वळवून शोधणं, जीभ बाहेर काढणं ही भुकेची सुरुवात असते. रडणं हा उशिराचा इशारा. ही खूण तिने स्वतः तुमच्यासमोर एकदा ओळखली की बाळ ‘कारण नसताना रडणारं’ राहत नाही.

रडण्याबद्दलही आकडा सांगा, दिलासा नको. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून रडणं वाढतं, सहाव्या आठवड्याच्या सुमाराला टोकाला जातं, दिवसाला दोन-तीन तासही, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत उतरतं. बहुतेकदा संध्याकाळी. म्हणजे नेमकं भिंतीपलीकडचे शेजारी कामावरून येतात तेव्हा. ‘घरमालक काय म्हणेल’ ही भीती वस्तीत खरी आहे. तिच्या देखत घरमालकिणीशी तुम्हीच दोन शब्द बोलून ठेवलेत तर बरंच काम होतं. शांत करण्याचा क्रम एकच ठेवायला सांगा: पाजून पाहणं, लंगोट, अंगावरचे कपडे कमी-जास्त करणं, खांद्यावर उभं धरून ढेकर, मग छातीशी धरून फेऱ्या. प्रत्येक गोष्टीला पाचेक मिनिटं. घाबरलेली आई एका मिनिटात पाचही करते आणि बाळ अधिकच भडकतं. आणि तिचाच तोल जाऊ लागला तर? बाळाला चटईवर पाठीवर ठेवायचं, दारात जाऊन पाच-दहा मिनिटं उभं राहायचं, मग परत यायचं. हे स्पष्ट शब्दांत सांगा, कारण परवानगी मिळाल्याशिवाय कुणी तसं करत नाही. बाळाला धरून गदागदा हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, हेही नवरा समोर असताना सांगा.

आंघोळीचा सराव आधी टॉवेलच्या बाहुलीवर. टॉवेल, झबलं, लंगोट आधी हाताशी. टबात चार बोटं पाणी. कोपर बुडवून ऊब पाहायची. एक हात कायम मानेखाली. पाच ते दहा मिनिटांत आटोपायचं. नाळ पडेपर्यंत नुसतं ओल्या कापडाने पुसायचं आणि नाळेला काहीही लावायचं नाही. मालीशवाली परवडत नाही म्हणून खंत करणाऱ्या मुली भेटतील. हलक्या हाताने तेल आईने लावलं तरी पुरतं, त्यात तिच्या हाताला बाळाची ओळखही होते. कान-नाकात तेल नको.

घरच्या चालीरीतींवर सरसकट फुली मारलीत तर मुलगी दोन्हीकडून कात्रीत सापडते. मालीश, अळीवाची खीर, डिंकाचे लाडू, दृष्ट काढणं यांच्या वाटेला जाऊ नका. काजळ, बाळगुटी, ग्राइप वॉटर, मध आणि धुरी यांना मात्र ठाम नाही म्हणा आणि कारण द्या. मधातून वर्षाच्या आतल्या बाळाला बोटुलिझमसारखी जीवघेणी विषबाधा होऊ शकते. गावच्या वाड्यात धुरी उडून जाते, बंद खोलीत ती बाळाच्या छातीत जाते. हे सगळं सासूला मुलीच्या तोंडून ऐकवायला लावू नका. भेटीतच फोन लावा, स्पीकरवर ठेवा, आधी सासूबाईंना बाळाचं वजन सांगा: ‘आजी, पंधरा दिवसांत चारशे ग्रॅम वाढलंय, निव्वळ आईच्या दुधावर.’ मग धुरीचं. मोबाइलवरच्या चकचकीत व्हिडिओंबद्दल मी एवढंच म्हणेन की त्यातलं बाळ कधी रडत नाही.

दुसरी वाट, म्हणजे पाहून शिकणं, शहरात जवळजवळ बंद झालेली असते. ती तुम्हाला उघडता येते. प्रत्येक पहिलटकरणीला त्याच गल्लीतली, तिची भाषा बोलणारी, तीन ते सहा महिन्यांनी मोठं बाळ असलेली एक जोडीदारीण जोडून द्या. वस्तीतली ‘आदर्श आई’ निवडू नका. जिला सुरुवातीला जमत नव्हतं तीच हवी. आठवड्यातून दोनदा अर्धा तास, दुपारी तीन-चारच्या सुमाराला, कारण सकाळ पाणी आणि डब्यात जाते. सहा-सातहून मोठा गट करू नका. मोठ्या गटात बोलक्या बोलतात आणि जिच्यासाठी गट काढला ती दाराशी बसते. भोजपुरी बोलणारीला मराठी गटात बसवलंत तर ती दुसऱ्यांदा येत नाही.

नवऱ्याला ‘मदत कर’ सांगून काही होत नाही. बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाला एकच काम पूर्ण सोपवा: रात्रीच्या एका पाजण्यानंतरची ढेकर आणि लंगोट, किंवा सुट्टीच्या दिवसाची आंघोळ. त्यातून तिला सलग साडेतीन-चार तास झोप मिळाली तर चौथ्या वाटेचं निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं रक्तात आहे. बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाच्या गोळ्या घ्यायच्या असतात. शहरात येताना त्या गावीच राहतात. रक्त कमी असलेली मुलगी जिना चढून धापा टाकते आणि ‘मला जमत नाही’ म्हणते. हिमोग्लोबिन तपासून घ्या.

भीतीला हद्द घालून द्या. ‘काही झालं तर दवाखान्यात जा’ म्हटलं की सगळंच ‘काही’ वाटतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी नेमकं हे सांगा: दूध ओढेनासं झालं, झटके आले, काखेत ३७.५ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, किंवा अंग गार पडून ३५.५ च्या खाली, छाती आत ओढली जाते, डिवचल्याशिवाय हालचाल नाही, तळहात-तळपाय पिवळे. यातलं एकही दिसलं तर त्याच क्षणी निघायचं. श्वास मोजायला शिकवा: बाळ शांत असताना, मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावून, पोटाकडे बघत. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजायचं, परत तेवढेच आले तर निघायचं. दोन ते बारा महिन्यांत ही हद्द ५०. तुमच्यासमोर तिने दोनदा मोजलं पाहिजे.

आणि एक गोष्ट, जी प्रशिक्षणात कुणी सांगत नाही: यातल्या बऱ्याच जणींना स्वतःचा पत्ता सांगता येत नाही. १०८ ला फोन लावून ‘इथेच, दुकानाजवळ’ म्हटल्याने रुग्णवाहिका येत नाही. गल्ली, घरमालकाचं नाव, जवळचं देऊळ किंवा शाळा असं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाराच्या आत चिकटवा आणि तिच्याकडून मोठ्याने म्हणून घ्या. मग एकदा दिवसाउजेडी तिला सोबत घेऊन पालिकेच्या दवाखान्यापर्यंत चालत जा, केसपेपर कुठे काढतात ते दाखवा. परत येताना तिला पुढे चालू द्या.

कागदपत्रांचं थोडक्यात. गावी मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड शहरातही चालतं. लस उशिरा झाली तर डोस पहिल्यापासून द्यावे लागत नाहीत, राहिलेले पुढे द्यायचे. अंगणवाडीत नाव घाला. पहिल्या बाळासाठीचे मातृवंदना योजनेचे पाच हजार अडकलेत का पाहा. आशाताईंच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी आणि पुढे ३, ६, ९, १२, १५ महिन्यांना ठरलेल्या असतात. घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेत सिद्ध झाली आणि तिथून देशभर गेली. पण माहेर ते शहर या प्रवासात मुलगी नेमकी गावच्या आणि शहरातल्या आशाताईंच्या दोन याद्यांच्या मधे पडते. गावच्या आशाताईंचा नंबर मागून घ्या आणि त्यांच्याकडून आधीच्या नोंदी मिळवा.

धीर नसणं आणि आजार यांत गल्लत करू नका. पहिल्या दोन आठवड्यांतलं रडू येणं बहुतेकींना होतं आणि जातं. त्यापुढे टिकलं, बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, कशात मन नाही, बाळाकडे बघवत नाही, तर सराव आणि जोडीदारीण पुरणार नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठीच्या एडिनबरा प्रश्नावलीचे दहा प्रश्न विचारा, एकटीला, दार लावून. १३ किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांकडे. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा आहे. तिथे एकूण गुण कितीही असोत, होकार आला तर त्याच दिवशी हालचाल, आणि तोवर तिला एकटीला ठेवायचं नाही. १४४१६ ही टेली-मानसची, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनची, मोफत सेवा चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं. नवरा मारतो असं कळलं तर आधी तिच्याशी त्याबद्दल बोला, १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर द्या. पाजण्याचा धडा नंतर.

काही जणी तिसऱ्या महिन्यातच बांधकामावर किंवा घरकामाला जातात. हाताने काढलेलं दूध झाकून सावलीत साधारण चार तास टिकतं, पत्रा तापलेला असेल तर त्याहून कमी धरा. फ्रिज असेल तर दूध त्यात ठेवा. पाजायला वाटी-चमचा किंवा आपलं जुनं बोंडलं. बाटली नको, ती या पाण्यात आणि या खोलीत स्वच्छ राहत नाही.

भेटींचं गणित असं ठेवा: शहरात आल्यावर पहिल्या आठवड्यात दोन, मग महिनाभर आठवड्याला एक, पुढे पंधरवड्याने. एका भेटीत एकच गोष्ट हातात बसवायची. सहावा महिना पूर्ण होण्याच्या आठवड्यासाठी मात्र एक भेट राखून ठेवा. तिथे वरचं अन्न सुरू होतं आणि बरी स्थिरावलेली मुलगी पुन्हा पहिल्या दिवसासारखी घाबरते. दिवसातून दोन-तीनदा दोन-तीन चमचे मऊ घट्टसर वरण-भात किंवा नाचणीची खीर, चमचा तिरका केला तरी लगेच ओघळणार नाही इतकी दाट. हळूहळू अर्धी वाटीपर्यंत. बाळ पहिले चार दिवस जिभेने बाहेर ढकलेल आणि रात्री गावाहून फोन येईल, ‘खात नाही का?’